कॅमेऱ्याच्या चौकटीतली खूण

दसरा झाला की माझ्या फोनवर लिंका पडायला लागतात. लग्नाची पत्रिका पाठवताना मला विसरणारे लोक अशा वेळी मात्र माझी नेमकी आठवण काढतात. लॅपटॉप, टीव्ही, मोबाईल, एकदा तर चपात्या लाटायचं यंत्र. जुन्या किमतीवर आडवी रेघ, शेजारी कमी किंमत आणि कोपऱ्यात दोन शब्द : ओपन बॉक्स. त्याखाली पाठवणाऱ्याची एक ओळ : "काका, घ्यावं का नको?"

हा प्रश्न मलाच का, तर मी तीन वर्षं त्या डब्यांमध्ये बसून काढली. माझ्या बायकोनं ही गोष्ट अर्ध्या नांदेडला सांगितलेली आहे. तिच्या सांगण्यात मी 'कंपनीत इंजिनियर' होतो. कंपनीत होतो, एवढं त्यातलं खरं आहे.

त्याआधी बावीस वर्षं माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. टीव्ही जाड होते तोवर माझंही बरं चाललं. पुढं टीव्ही बारीक होऊन भिंतीला चिकटले आणि माझ्या दुकानात फक्त ओळखीचे लोक उरले, तेही चहापुरते. शेवटी शटर ओढलं आणि शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या गोदामात कामाला लागलो. मुलाखतीत एकच विचारलं : लॅपटॉप न मोडता उघडता येतो का? मी येतो म्हणालो. पुन्हा बंद करता येतो का, हे कुणी विचारलं नाही.

बाहेरच्या माणसाला ते काम सांगायचं तर असं. तुम्ही घरबसल्या एखादी वस्तू मागवता, डबा फोडता, वस्तू पटत नाही, परत पाठवता. ती पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही आणि फेकताही येत नाही. मग ती आमच्यासारख्या गोदामात येते. आम्ही चार्जर आहे का बघायचं, नंबर जुळवायचा, आधीच्या माणसाचा पसारा पुसून टाकायचा, कळा दाबायच्या, पडदा बघायचा, बॅटरी बघायची आणि यादीतल्या एकेका चौकटीत बरोबरची खूण करायची. सगळ्या खुणा झाल्या की 'उत्तम', 'चांगले' किंवा 'बरे' यांपैकी एक शेरा मारायचा, आपला नंबर घातलेली चिठ्ठी आत टाकायची आणि डबा बंद. माझा नंबर बेचाळीस. नोकरीला लागलो तेव्हा वय एकावन्न, आणि आयुष्यभर दुसऱ्यांकडून शेरे खाल्लेल्या माणसाच्या हातात शेरे द्यायचा शिक्का आला. पहिले काही दिवस मी फार कडक होतो. लहानशा ओरखड्यालाही 'बरे' देत होतो. मग सुपरवायझर म्हणाला, "दिगूकाका, पोरगी बघायला आल्यासारखं नका करू."

डब्यांमधून माणसं कळायची. धर्माबादहून एका मिरचीच्या अडतीवरून लॅपटॉप परत आला होता. डबा उघडला आणि आमची सगळी रांग शिंकायला लागली. मशीन ठणठणीत होतं, पण पंखा सुरू झाला की मिरचीचा भपकारा यायचा. यादीत वासाची चौकट नव्हती. मी 'चांगले' दिलं. ज्याच्या घरी ते गेलं असेल त्याची मी आजही मनातल्या मनात माफी मागतो.

किनवटकडच्या एका वसतिगृहातून प्रोजेक्टर आला होता. सोबत वहीच्या पानावर अधीक्षकांचं पत्र : 'यंत्र चांगले आहे. आमच्याकडे वीज टिकत नाही. तरी यंत्राचा दोष धरू नये. मुलांनी एकदा बघितले, खूश झाली.' परतीचं कारण लिहायला आमच्याकडं चारच चौकटी होत्या. मी 'ग्राहकाचे मन बदलले' यावर खूण केली. ते पत्र फेकवेना म्हणून खिशात घातलं. ते शर्टासोबत धुतलं गेलं.

आता कॅमेऱ्याबद्दल सांगतो, कारण मला बोलायचं आहे ते त्याच्याबद्दलच.

लॅपटॉपची बाकीची तपासणी मशीन पुरतं सुरू न करता होते. कॅमेऱ्याचं तसं नाही. तो बघायचा तर मशीन अखेरपर्यंत सुरू करावं लागतं. ते भाषा विचारतं, देश विचारतं, नाव विचारतं, मध्येच थोडं थांबा म्हणतं. तोवर सरकत्या पट्ट्यावरून पुढचे दोन डबे येऊन थांबलेले असतात. म्हणून आम्ही काच बघायचो. पडद्याच्या वरच्या कडेला मुगाएवढी काच असते, ती फुटलेली नसली की 'कॅमेरा : चालू' या चौकटीत खूण. हे मला कुणी शिकवलं नाही. शेजारी बसणाऱ्याचं बघून आलं. त्यालाही तसंच आलं असणार.

माझी धाकटी बहीण सुलोचना जळकोटला असते. तिचे यजमान किराणा दुकान चालवायचे, ते जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर दुकान तिनं एकटीनं चालवलं. मग एका सकाळी चुलीपाशी पडली आणि तिची उजवी बाजू गेली. बोलणंही तुटक झालं. घरात ती आणि तिची मुलगी श्वेता, दोघीच. श्वेता बी.कॉम. झालेली. पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं होतं, पण आईला उठवायचं, जेवू घालायचं, कूस बदलायची कुणी? तिनं पुणं सोडून दिलं. वर्षभर घरून करायचं काम शोधत राहिली, आणि एका कार्यालयाच्या दोन परीक्षा पास झाली. ग्राहकांची कागदपत्रं घरी बसून तपासायची, असं काम होतं. शेवटची मुलाखत गुरुवारी अकरा वाजता, स्वतःच्या लॅपटॉपवर. पत्रात अटी होत्या. मशीन अमुक ताकदीचं हवं, कॅमेरा मशीनमधलाच हवा, जोडलेला चालणार नाही, आणि मुलाखतीच्या वेळी खोलीत दुसरं कुणी असू नये.

एवढ्या ताकदीचं नवं मशीन तिच्या आवाक्यात नव्हतं. ओपन बॉक्समधलं होतं. तिनं मला लिंक पाठवली, पण इतरांसारखं 'घ्यावं का नको' एवढंच लिहून ती थांबली नाही. तीन दिवस रोज फोन केला. वहीत मुद्दे काढले होते. परतीची मुदत किती, बिलावर नाव कुणाचं, 'उत्तम' आणि 'चांगले' यांत फरक काय. मला फार भारी वाटलं. बावीस वर्षं टीव्ही उघडले, पण मला एवढं बारकाईनं कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, "मामा, खरं सांगा. यात धोका काय हाय?"

मी म्हणालो, "तपासलेलं असतंय बाळा. माझ्यासारखीच माणसं तपासतेत."

तिनं त्याच दिवशी मागवलं.

ज्यानं मला विचारलं त्या प्रत्येकाला मी एक नियम सांगत आलो आहे. ओपन बॉक्सचा डबा दारात आला की त्याच मिनिटाला फोडा, चालू करा, सगळं बघा, मग बाकीचं. श्वेताला मात्र मी सांगितलं, "मी आल्याशिवाय उघडू नको." आपली भाची, आपलं क्षेत्र, आपल्या हातानंच उद्घाटन व्हावं असं वाटलं असणार. डबा शुक्रवारी आला आणि सोमवारपर्यंत देवासमोर बसून राहिला. सोमवारी माझी सुट्टी. सकाळची गाडी धरून कंधारमार्गे जळकोटला पोचलो.

डबा फोडला. रुपेरी, देखणं मशीन. मी बटणाकडं बोट नेलं तेवढ्यात सुलीनं डावा हात वर केला. "आधी... पूजा."

बरोबरच होतं. आमच्यात वस्तू घरात आली की आधी तिची पूजा, मग वापर. बैलगाडी असो, मिक्सर असो. पण माझा नियम उलटा आहे आणि तो मी अख्ख्या नांदेडला सांगितलेला आहे. बहिणीला नाही सांगता आला. तिनं डाव्या हाताची तीन बोटं विभूतीत बुडवली आणि झाकणावर तीन पट्टे ओढले. तिरपे आले, पण ओढले. आजारपणानंतर तिनं स्वतःच्या हातानं केलेली ती पहिलीच पूजा होती. मग ती माझ्याकडं बघायला लागली. मामा म्हणून हळदी-कुंकू माझ्याकडं. मी कुंकू चांगलं ओलं केलं आणि ऐटीत पाच बोटं उमटवली.

नंतर मशीन चालू केलं. कळा दाबल्या, पडदा बघितला, आवाज बघितला, वरची काच बघितली आणि "छान आहे मशीन" असं म्हणून जेवायला बसलो. पहिलाच घास तोंडात होता. श्वेता कार्यालयानं पाठवलेली चाचणी लावत होती. ती म्हणाली, "मामा, मी दिसून नाही राहिले."

काळा चौकोन. मी ताटावरून उठलो. जे जे येतं ते सगळं केलं. काळाच.

डब्यातली चिठ्ठी काढली. 'कॅमेरा : चालू' आणि त्यापुढं ठसठशीत खूण. मी सगळ्यात आधी काय बघितलं असेल? नंबर. बेचाळीस नव्हता. सतरा होता, कुठल्यातरी दुसऱ्याच गावच्या गोदामातला. मला हायसं वाटलं. समोर पोरगी रडवेली बसलेली आणि मला हायसं वाटलं, हे मी लपवणार नाही.

बदलून द्यायची तक्रार नोंदवली. माल न्यायला माणूस बुधवारी येणार, आणि त्याच्याच हातात दुसरं मशीन असणार, असं कळलं. म्हणजे गुरुवार सापडत होता. मी रजा वाढवली. आता कुंकू. ओल्या फडक्यानं विभूती गेली, हळद फिकी झाली, पण कुंकू गुलाबी होऊन बसलं. इथं गप्प बसायचं होतं. पण माझ्यातला बावीस वर्षांचा कारागीर जागा झाला. समोरच्या रंगाच्या दुकानातून थिनर आणलं. दुकानात असताना टीव्हीच्या किती पेट्या मी थिनरनं चकाचक केल्या होत्या. कुंकू गेलं. त्याच्यासोबत रुपेरी रंग गेला आणि मशीनवरचं अर्धं नावही गेलं. आधी पाच बोटं होती, आता पंजाएवढा पांढरा डाग झाला. श्वेता शेजारी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता मामा."

बुधवारी माणूस उदगीरहून आला. बिचारा सालस होता. त्यानं मोबाईलमधला फोटो मशीनशेजारी धरला, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. म्हणाला, "काका, ह्ये माझ्या हातात न्हाई. फोटोशी जुळलं पायजे. वापरलेला माल म्हणून दाखवून राहिलंय."

दुसऱ्यानं वापरून परत केलेला माल आम्ही वापरला म्हणून परत घेता येत नव्हता. मी वाद घातला नाही. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं, आणि तेही इतकं हळू आवाजात सांगितलं नसतं. नवं मशीन त्याच्या गाडीत तसंच पडून होतं. तो पाणी पिऊन ते घेऊन गेला.

श्वेतानं कार्यालयाला मुलाखत दोन दिवस पुढं ढकलायची विनंती केली. तासाभरात उत्तर आलं : शक्य नाही.

मग मी मशीन उघडलं. पडद्याभोवतीची पट्टी काढली तर एका जागी भलताच स्क्रू. कुणीतरी आधी उघडलं होतं आणि बंद करताना कॅमेऱ्याची फीत चिमटून टाकली होती. केसाएवढ्या तारांची चपटी फीत, तिला डाग देऊन सांधता येत नाही, बदलावीच लागते. लातूरला विचारलं, नांदेडला विचारलं, कुठंच तयार नव्हती. मागवली तर आठवड्याच्या पुढं. श्वेतानं समोर बसून चाचणी पुन्हा लावली होती, मी नुसताच तिथं बोट दाबून बसलो होतो, आणि एकदम पडद्यावर श्वेता दिसली. बोट उचललं, गेली. दाबलं, आली.

तुम्हाला कळलंच असेल मी काय ठरवलं. श्वेता नको म्हणत होती. अट तिनं मला पुन्हा वाचून दाखवली. मी म्हणालो, मी दिसणारच नाही, मशीनच्या मागं बसणार, आणि बोटाला काय कुणी माणूस म्हणतं का.

गुरुवारी अकराला श्वेता खुर्चीवर, समोर टेबल, टेबलावर मशीन, आणि मशीनमागं पोत्यावर बसलेला मी. एका हातानं पडद्याची वरची कड चिमटीत धरलेली, दुसरा हात त्या हाताला टेकू. पलीकडच्या खोलीत सुली पडून होती आणि तिला खोकायचं नाही असं सांगून ठेवलं होतं. श्वेता फार छान बोलली. मला पडदा दिसत नव्हता, पण तिचा चेहरा दिसत होता. गणितं तोंडी सांगितली, कागदातली चूक कशी पकडाल ते सांगितलं. पलीकडच्या बाई हसल्याचा आवाज आला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. माझ्या अंगठ्यात गोळा यायला लागला. मी बोट बदलायला गेलो, चित्र गेलं. दाबलं, आलं. पुन्हा गेलं. शेवटी दोन्ही हातांनी कड आवळून धरली, तर मशीनच हलायला लागलं.

बाई म्हणाल्या, "मॅडम, तुमचं चित्र सारखं हलतंय. खोलीत दुसरं कुणी आहे का?"

मी श्वेताकडं बघून मान हलवली. नाही म्हण. जोरात हलवली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मग पुन्हा काचेकडं बघितलं.

"हो मॅडम. माझे मामा आहेत. कॅमेरा धरून बसलेत."

मग त्या बाई म्हणाल्या, "थँक यू." मी बोट काढलं. आता काढलं काय, ठेवलं काय.

आतून सुलीनं विचारलं, "झालं?"

"झालं," श्वेता म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. नकाराचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. पुन्हा वर्षभर अर्ज करता येणार नाही, असं त्यात होतं. पुढं तिला दुसरीकडून बोलावणं आलेलं नाही. सध्या ती घरी साड्यांना फॉल लावते. आईच्या अंथरुणापासून मशीन हातभर लांब ठेवते. हे शिलाईचं मशीन, जुनं. त्याला कुणी शेरा दिलेला नाही.

मी गोदामात परतलो आणि कानाला खडा लावला. प्रत्येक लॅपटॉप अखेरपर्यंत सुरू करायला लागलो. भाषा, देश, नाव, थोडं थांबा. पडद्यावर माझं तोंड दिसलं की मगच खूण. चार दिवस मी माझं तोंड जितकं बघितलं तितकं लग्नातही बघितलं नव्हतं. एका मशीनचा कॅमेरा बंद निघाला. मी तो डबा बाजूला काढला आणि दिवसभर छाती फुगवून बसलो. पट्ट्यावर डबे साठत गेले. पाचव्या दिवशी सुपरवायझर जवळ येऊन हळूच म्हणाला, "दिगूकाका, तुमच्यामुळं अख्खी रांग थांबून राहिली. जमत नसलं तर सांगा." त्या दिवशी मी सकाळपासून अकरा मशीनं सुरू करून बघितली होती. बाराव्याची काच बघितली. फुटलेली नव्हती. खूण केली.

त्यानंतर दीड वर्ष मी तिथं होतो. तेराव्याचं सांगायची गरज नाही.

मुलाखतीनंतर तीन आठवड्यांनी फीत आली. जळकोटला जाऊन बसवली. पाच मिनिटांचं काम निघालं. पडद्यावर श्वेता आली, तिच्यामागं खाटेवरची सुली आली, कोपऱ्यात माझं अर्धं टक्कल आलं. सुली स्वतःला बघून हसली. तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं तिनं तोवर एवढं मोठं बघितलं नव्हतं, म्हणून हसता हसता थांबली. श्वेतानं झाकण लावलं.

बस स्टँडवर सोडायला आली तेव्हा तिनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिनं माझ्या एका वाक्यावर ते मशीन मागवलं होतं, आणि ते वाक्य अजून किती खरं धरायचं एवढंच तिला बघायचं होतं.

"मामा, ते मशीन तुमच्या हातात आलं असतं, तर तुम्ही कॅमेरा बघितला असता का?"

मी म्हणालो, "हाव. बघितला असता."

तिची मान हलली. तिला बरं वाटलेलं दिसलं. म्हणाली, "तेच म्हणून राहिले मी आईला. मामा असते तर नसतं असं झालं." मग माझी गाडी लागली.

आता कुणी 'घ्यावं का' म्हणून विचारलं तर मी लांबलचक सांगत नाही. घेतलं तर डबा आला की लगेच फोडा, सगळ्यात आधी कॅमेऱ्यात स्वतःचं तोंड बघा, देवाला थोडं थांबवा. डब्यातल्या चिठ्ठीवर जाऊ नका. ती लिहिणारा माणूस वाईट नसतो.

हा दिवाळी अंक दरवर्षी जळकोटला जातो. श्वेता तो पहिल्या पानापासून आईला मोठ्यानं वाचून दाखवते. श्वेता, ही दोन-चार पानं आधी तू एकटीच वाच. मग आईला वाचून दाखवायची की नाही ते तूच ठरव. तुला त्या बाईंनी विचारलं तेव्हा मी समोरून मान हलवत होतो, आणि तरी तू खरं सांगितलंस. मला तू विचारलंस तेव्हा समोर कुणीच मान हलवत नव्हतं.

न्हाई बघितला असता, बाळा.